आत्याबाईचा एक्सल आणि अंबाडीचा दोर

एक काम करा. जिथं बसला आहात तिथंच बसा आणि समजा की तुमच्या दारासमोर एक ट्रक उभा आहे. हल्लीचा चपट्या तोंडाचा नाही. जुना, पुढं लांब नाक असलेला, बेडकासारख्या गोल डोळ्यांचा. त्या नाकावर एक मांजर झोपलं आहे. मांजराला हाकलू नका. या गोष्टीत त्याला काहीच काम नाही, पण ते रोज तिथंच झोपतं, त्याला इलाज नाही.

आता ट्रकच्या मागं जा आणि वाकून खाली बघा. कपडे मळतील, मळू द्या. मागच्या चाकांच्या मध्ये एक जाड लोखंडी नळी आडवी गेलेली दिसते ना? आणि त्या नळीला एका जागी मोठा फुगवटा आहे, सापानं अंडं गिळावं तसा. इंजिनाची सगळी ताकद या गोळ्यात येते. गोळ्यातून दोन लोखंडी दांडे निघतात, एक या चाकाकडं, एक त्या चाकाकडं. त्यांना एक्सल म्हणतात. दांडे फिरले की चाकं फिरतात, चाकं फिरली की ट्रक चालतो. एवढं समजलं तर पुढची गोष्ट सोपी आहे.

फक्त एक गंमत लक्षात ठेवा. या ट्रकमध्ये तो गोळा बरोबर मधोमध नाही, जरा एका बाजूला सरकलेला आहे. म्हणून एक दांडा लांब आणि दुसरा चार बोटं आखूड. आणि अजून एक. ताकद मोठी आळशी असते. दोन दांड्यांपैकी एक तुटला, तर ती सगळी तुटक्याकडं पळते, कारण तिकडं काही ओढायचंच नसतं. धड असलेला दांडा बिचारा वाट बघत बसतो. तुमच्या वर्गात असा कोणी असेल तर त्याचं नाव मनात घ्या, मोठ्यानं नको.

हा ट्रक बालाघाटच्या भैयालालचा. भैयालाल म्हणजे दीप्तीचा आबा, आजोबा. दीप्ती तुमच्याएवढीच, पाचवीत शिकणारी. घरातली आणि वॉर्डातली सगळी पोरं त्या ट्रकला आत्याबाई म्हणायची, कारण तो सणावारालाच घराबाहेर पडायचा आणि वाटभर कुरकुर करायचा. बाकीचं वर्षभर आत्याबाईच्या पोटाखाली कोंबड्या अंडी द्यायच्या आणि केबिनमध्ये बसून दीप्ती अभ्यास करायची. निदान ती तसं सांगायची. अभ्यासात हॉर्न फार वेळा का वाजतो, हे तिच्या बापाला, राकेशला, कधी कळलं नाही.

दिवाळी झाली की या भागात गावोगाव मंडई भरते. मंडईत दुकानं, पाळणे, जिलेबी आणि दंडार. दंडार म्हणजे गाणी, नाच, सोंगं आणि समोर बसलेल्या लोकांची त्यांच्या तोंडावर थट्टा. रामपायलीच्या मंडईत दंडारीचा मंच म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, आपली आत्याबाई. मैदानात उभी केली, मागचा आणि बाजूचे लाकडी पल्ले पाडले, वर सतरंजी अंथरली की झाला मंच. भैयालालचा बाप असताना तसं, भैयालालच्या काळातही तसंच.

तर यंदा दिवाळीच्या तोंडावर, मांडवाचे बांबू घेऊन येताना, चढावर आत्याबाईच्या पोटातून ‘कडाक’ असा आवाज आला. इंजिन गुरगुरत राहिलं, आत्याबाई जागची हलली नाही. शेवटी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरनं तिला ओढत घरी आणलं. वाटेत जो भेटेल तो भैयालालला विचारायचा, “काका, आत्याबाई रुसली का?” भैयालाल स्टिअरिंग धरून सरळ पुढं बघत होता, जणू ट्रॅक्टर त्यानंच मागून ढकलत आणला आहे.

संध्याकाळी राकेश कचेरीतून आला. त्यानं चप्पल काढायच्या आधी बोलायला सुरुवात केली.

“बाबा, आता साफ बोलतो. मंडईले गाडी रामपायलीले पोचली, तिच्यावर दंडार झाली, तं राहू द्या अजून एक साल. नाही पोचली, तं पुनाराम येऊन घेऊन जाईन. मी बोललो त्याच्याशी. तिच्या जागेवर एक खोली काढू. दीप्ती अभ्यास कुठं करन मंग?”

“आत्याबाईत,” दीप्ती म्हणाली.

“तू चूप राय. तुह्या अभ्यासानं अख्खा वॉर्ड जागा होते.”

पुनाराम म्हणजे गोंदिया रोडवरचा कबाडी. जुन्या गाड्या घ्यायच्या, तोडायच्या आणि वजनानं विकायच्या, हा त्याचा धंदा. त्याचं नाव निघालं आणि भैयालालनं हातातली भाकर ताटात ठेवली. तो पाणी प्यायला आणि म्हणाला, “पोचन. चालत पोचन.”

दुसऱ्या दिवशी लोकेश मिस्त्री आला. हा लोकेश दिवसा गाड्या दुरुस्त करायचा आणि मंडईत ढोलक वाजवायचा, म्हणजे आत्याबाई बंद पडली तर त्याचंही बसायचं ठिकाण जाणार. म्हणून त्यानं मजुरीचं नावच काढलं नाही. पण नव्या एक्सलची गोष्ट निघाली तेव्हा तो डोकं खाजवू लागला. असला दांडा आता कोणी बनवत नव्हतं, आणि खास करून घ्यायचा तर भैयालालच्या घरात दिवाळीचं तेलसुद्धा आलं नसतं. पुनारामच्या आवारात मात्र अशीच एक गाडी तोडलेली पडली होती. तिचा जुना एक्सल चालण्यासारखा होता.

“पहिले आपला बाहेर काढू,” लोकेश म्हणाला. “मंग माप घेऊन जाऊ.”

चाकाच्या मधोमध जी लोखंडी थाळी असते, तिचे नट त्यानं खोलले. थाळीसकट तुटक्या दांड्याचा अर्धा भाग त्याच्या हातात आला. उरलेला अर्धा आत गोळ्यात रुतून बसला होता. भैयालालनं हात घातला, वाकडी सळाख घातली, शेवटी आत्याबाईला दोन शिव्याही घातल्या. तुकडा काही येईना.

“काका, तुम्ही त्याले समोरून बोलावून राह्यले,” लोकेश म्हणाला. “तो नाही येत. असं अडलेलं पलीकडून ढकलावं लागते.”

त्यानं दुसऱ्या बाजूचा धड दांडाही ओढून काढला, तिकडून एक लांब सळाख गोळ्यातून आरपार घातली आणि दीप्तीला म्हणाला, “हं, ठोक.” दीप्तीनं हातोडीनं ठोकलं. एकदा हातोडी सळाखीवर बसली, एकदा लोकेशच्या अंगठ्यावर, मग पुन्हा सळाखीवर. आणि या बाजूनं तुकडा बाहेर येऊन भैयालालच्या पायाशी पडला.

“बाहेर आला,” दीप्ती म्हणाली.

“दोन्ही बाहेर आले,” लोकेश अंगठा चोखत म्हणाला. “तुकडाही आन माहा जीवही.”

तुटलेले दोन्ही तुकडे ओसरीवर टोकाला टोक लावून ठेवले. लोकेशनं खिशातून टेप काढला. भैयालालनं त्याचा हात धरला.

“ठेव तो.”

“काहून?”

“टेप लोखंडाचा, एक्सल लोखंडाचा. तो आपल्या भावाचीच बाजू घेईन. माहा दोर आण वं दीप्ती.”

हा अंबाडीचा दोर भैयालालचा फार लाडका. घराच्या खोल्या, विहिरीची खोली, राकेशच्या लग्नातला मांडव, सगळं त्यानं त्याच दोरानं मोजलं होतं. राकेशच्या लग्नात मांडव शेजाऱ्याच्या अंगणात घुसला होता, ही गोष्ट घरात कोणी काढत नसे. भैयालालनं दोर एक्सलला लावला, दोन टोकांना दोन पक्क्या गाठी मारल्या, उरलेला कापून टाकला.

“हा झाला एक्सल. खिशात घालून न्या कुठंही.”

आता ऐका, कारण चूक इथंच होते आणि ती तुमच्यासमोर होते. नंतर म्हणू नका की सांगितलं नाही.

भैयालालच्या घरची एक रीत होती. मंडईच्या कामाची पहिली वस्तू घराबाहेर पडली की तिला वैनगंगेचं पाणी दाखवायचं, मगच पुढं जायचं. पेटीवर चार थेंब शिंपडायचे, ढोलकाला ओल्या बोटानं टिळा लावायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा आणि नात निघाले, तेव्हा पहिली वस्तू होती दोर. भैयालाल घाटावर उतरला आणि विचारात पडला. दोराला टिळा कुठं लावणार? मग त्यानं तो सरळ नदीत बुडवला. चांगला बुडवला, दाबून, मनापासून, बिडी ओढून होईपर्यंत.

“त्याले थंडी थोडीच वाजते,” तो म्हणाला आणि निथळता दोर दीप्तीच्या हातात दिला. दीप्तीनं दोन्ही गाठी एकमेकींना बांधून त्याची माळ केली आणि गळ्यात घातली. गाठी तिच्या फ्रॉकच्या शेवटच्या बटनाच्या जरा वर येऊन थांबल्या. फ्रॉक ओला झाला म्हणून तिनं खाली पाहिलं, तेव्हा तिला ते दिसलं.

पुनारामच्या आवारात तोडलेल्या गाडीचे दोन्ही एक्सल पडले होते, एक लांब आणि एक आखूड. पुनाराम खुर्चीत बसून चहा पीत होता. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा.

“आओ भैयालाल. गाडी बेचने आए क्या?”

“विकाले नाही, घ्याले आलो.” भैयालालनं दोर मागून घेतला, माळ सोडली आणि लांब एक्सलला लावली. कमी पडली. आखूडाला लावली. टोकाला गाठ बरोबर.

“हा,” तो म्हणाला.

“नाप पक्का है ना? एक बार माल गया तो गया. वापस नहीं लेता.”

“पुनाराम, माणूस खोटा बोलते. माहा दोर खोटा नाही बोलत.”

पैसे दिले. दीप्तीच्या नव्या फ्रॉकचे आणि चंपाबाईच्या, म्हणजे दीप्तीच्या आजीच्या, लुगड्याचे ते पैसे होते. चंपाबाईनं ते देताना एवढंच म्हटलं होतं, “मले काय, मी जुनंच नेसून बसन. आत्याबाईले नवं नेसवा.” एक्सल ऑटोत आडवा घालून दोघं घरी आले. ऊन चांगलं होतं. दोर दीप्तीच्या गळ्यात वाळत होता.

दुपारी लोकेशनं एक्सल नळीत घातला, थाळीचे नट आवळले, इंजिन चालू केलं. आत्याबाई गुरगुरली. चाक फिरलं नाही. लोकेशनं नट पुन्हा खोलले, एक्सल काढला, आत बॅटरी मारली आणि एक डोळा मिटून नळीत पाहिलं.

“काय झालं बे?” भैयालाल म्हणाला.

“काका, हा आतवर पोचतच नाही. दारापर्यंत जाते आन बाहेरूनच रामराम करून परत येते. चार बोटं कमी आहे. आपला तुटला लांब, दुसऱ्या बाजूचा आखूड आणला तुम्ही.”

“होऊच शकत नाही.” भैयालालनं दोर घेतला आणि एक्सलला लावला. दोर चार बोटं पुढं गेला. त्यानं उलट्या बाजूनं लावून पाहिला. तरी चार बोटं पुढं. त्याचा चेहरा हळूहळू लाल झाला.

“पुनारामानं बदलला. मी पैसे मोजत होतो तवा बदलला. उद्या पाह्यतो त्याले.”

राकेश दारात उभा होता. तो पुढं झाला आणि आत्याबाईच्या कडेनं पावलं टाकत होणाऱ्या खोलीची लांबी मोजू लागला. दीप्तीला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना दीप्तीनं पुन्हा माळ करून गळ्यात घातली. गाठी शेवटच्या बटनाच्या खाली गेल्या. तिनं खाली पाहिलं, ताठ उभी राहिली, पुन्हा पाहिलं.

“आजी, मी लहान झाली का?”

चंपाबाई अंगणात होती. दिवाळीचे पाहुणे येणार म्हणून तिनं झोळ पडलेली खाट उन्हात आडवी टाकली होती आणि तिच्या दोऱ्यांवर तांब्यानं पाणी मारत होती.

“भाजी टाकून देशीन तं लहानच होशीन.”

“तू खाटेले कायले पाणी पाजून राह्यली?”

“ढिली झाली ना. दोरी पाणी पेली का आखडते. वाळली का पुन्हा ढिली. तुह्या आबाचं सगळं आयुष्य या खाटेवर गेलं, पण त्याले विचारजो, त्याले वाटते खाट आपोआपच कसते.”

दीप्ती तिथंच थांबली. तिनं खाटेकडं पाहिलं, बटनाकडं पाहिलं, मग नदीच्या दिशेला पाहिलं. तुम्हीही पाहिलंत ना? मग तुम्हाला समजलं आहे. आबाला समजलं नव्हतं, आणि तो ऑटोत बसून हाका मारत होता.

ऑटोत दीप्तीनं सांगायचा प्रयत्न केला.

“आबा, हा दोर...”

“दोरच साक्ष देईन. बस.”

“आबा, काल तू त्याले...”

“मोठ्याच्या भांडणात बोलू नये. मी तिथं काय बोलाचं ते पाठ करून राह्यलो.”

आणि खरंच त्याचे ओठ हलत होते. मग दीप्ती गळ्यातल्या गाठीशी चाळा करत बसली. आपला आबा सगळ्यांसमोर चुकलेला निघणार, हे तिला आवडत नव्हतं. पण आत्याबाई तुकडे होऊन गोंदिया रोडवर पडणार, हे तर मुळीच आवडत नव्हतं.

पुनारामच्या आवारात भांडण छान रंगलं. भैयालालनं पाठ केलेलं सगळं म्हटलं, मग पाठ न केलेलंही म्हटलं. पुनारामनं खुर्ची सोडली नाही.

“मतलब मैंने रात को उठके लोहा छील दिया? चार उंगल? अरे भैयालाल, इतनी मेहनत करता तो मेरा पेट ऐसा होता क्या?”

“तू बदलला.”

“तूने नापा, तूने उठाया, ऑटो में तूने रखा. मैं तो कुर्सी से उठा नहीं. मैं कुर्सी से उठता ही नहीं.”

हे खरं होतं, आणि भैयालाललाही माहीत होतं. म्हणून तो अजून मोठ्यानं बोलू लागला. आवारातल्या पोरानं चहा आणला. भांडताना चहा थंड होतो म्हणून दोघांनी जरा थांबून तो प्यायला आणि मग पुन्हा सुरू केलं.

या सगळ्या वेळात दीप्ती कोपऱ्यातल्या पाण्याच्या पिंपाजवळ उभी होती. दोर पिंपात बुडवून तिनं तो दोन्ही हातांनी खाली दाबून धरला होता. चहा संपला, तेव्हा तिनं दोर काढला, निथळवला, माळ करून गळ्यात घातली आणि दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. फ्रॉक ओला, हात कोपरापर्यंत ओले.

“आबा, बटन पाह्य.”

“कोणतं बटन?”

“शेवटचं. घरून निघालो तवा गाठ खाली होती. आता वर आहे. तू नदीत बुडवलता तवाही वरच होती.”

भैयालालनं बटनाकडं पाहिलं. पुनारामनं पाहिलं. चहाचे पेले उचलणाऱ्या पोरानंही पाहिलं. भैयालालनं तिच्या गळ्यातून माळ काढली, सोडली आणि परत आणलेल्या आखूड एक्सलला लावली. टोकाला गाठ, अगदी कालसारखी.

त्यानं दोर उलट्या बाजूनं लावला, तरी तेच.

“खाटेसारखं,” दीप्ती हळूच म्हणाली.

“हौ,” भैयालाल म्हणाला. मग पिंपाकडं पाहून म्हणाला, “पण हे पिंपातलं पाणी होय. वैनगंगेचं पाणी असं नाही करत.”

एवढं ऐकलं आणि पुनाराम हसायला लागला. खुर्चीचे पाय करकरू लागले. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यानं उपरण्यानं ते पुसलं, भैयालालकडं पाहिलं आणि पुन्हा हसला. आणि मग आजवर कोणी पाहिलं नव्हतं ते झालं. पुनाराम खुर्चीतून उठला. त्यानं पायानं लांब एक्सल भैयालालकडं लोटला.

“ले जा. छोटा छोड़, लंबा ले जा. पैसा नहीं चाहिए.”

“खरं?” भैयालाल म्हणाला.

“सुन तो ले. हर साल रामपायली में सामने बैठता हूँ मैं. हर साल तुम्हारी दंडार मेरा तराजू, मेरा पेट, मेरी कुर्सी, सब पे हँसाती है. मैं भी हँसता हूँ, क्या करूँ. इस साल तेरी बारी. अपनी गाड़ी पे चढ़ेगा और अपने मुँह से यह रस्सी की कहानी सुनाएगा. पूरी. नहीं सुनाई तो वहीं मैदान में एक्सल खोल लूँगा. बाकी गाड़ी फिर राकेश दे ही देगा.”

भैयालालचा रंग उतरला. भांडणात त्याचा आवाज अर्ध्या बालाघाटला ऐकू जायचा, पण मंचावर तो जन्मात चढला नव्हता. त्याच्याच गाडीवर इतकी वर्षं दंडार होत आली, आणि दर वेळी तो पुढं केबिनमध्ये काचा वर करून बसून राहिला होता. कोणी विचारलं तर म्हणायचा, ब्रेक धरून बसतो.

“सांगन,” दीप्ती म्हणाली. “आबा सांगन.”

“तुले कोणं विचारलं?” आबा म्हणाला. पण एक्सलचं एक टोक त्यानं उचललं होतं.

लोकेशनं लांब एक्सल नळीत घातला. तो आत गेला, अजून आत गेला, आणि आत कुठंतरी दात दातांत बसल्याचा ‘खट’ आवाज आला. भैयालालनं आत्याबाई सुरू केली. ती गुरगुरली, थरथरली, पोटाखालच्या कोंबड्या ओरडत पळाल्या, मांजर नाकावरून उतरलं आणि आत्याबाई आपल्या चाकांवर फाटकाबाहेर गेली. चंपाबाईनं जुन्या लुगड्याचा पदर खोचला आणि मागून म्हणाली, “दोर घेतला का? का तोही वाळत घातला?”

रामपायलीच्या मंडईत आत्याबाई जाऊन उभी राहिली. पल्ले पडले, सतरंजी अंथरली, चांगलं उजेडातच दंडार सुरू झाली. पहिल्या रांगेत पुनाराम बसला होता. खुर्ची त्यानं घरून आणली होती, आणि मांडीवर एक मोठा पाना ठेवला होता, सगळ्यांना दिसेल असा. बाजूला राकेश हाताची घडी घालून उभा होता.

दोन गाणी झाली. शाहीर मोतीलालनं पेटी थांबवली आणि हाक दिली, “आता या मंचाचा मालक मंचावर येते. आजपर्यंत खाली ब्रेक धरून होता.”

भैयालाल वर चढला. हातात कोरडा दोर. समोर एवढी माणसं बघून तो तिथंच खिळला. तोंड उघडलं, मिटलं.

“दोर...” तो म्हणाला. मग काही नाही.

“काका, डिझेल संपलं का?” गर्दीतून कोणीतरी ओरडलं. लोक हसले. लोकेशनं ढोलकावर हलकी थाप मारून पाहिली. भैयालाल हलला नाही. पुनारामनं पाना मांडीवरून उचलला आणि हातात तोलून पाहिला.

दीप्ती खाली, मंचाच्या पलीकडं, मागच्या चाकाशी उभी होती. रेडिएटरसाठी भरून ठेवलेली पाण्याची बादली तिच्या पायाशी होती. तिनं बादली वर सरकवली, टायरवर पाय देऊन मागून मंचावर चढली आणि आबाच्या पायाशी सतरंजीवर आडवी झाली. हात अंगाला चिकटवले, पाय जुळवले, ताठ.

“मोज, आबा. मी एक्सल होय.”

पोरं सगळ्यांत आधी हसली. भैयालालनं खाली पाहिलं. लोकांकडं पाहायचं नाही म्हटल्यावर त्याला जरा बरं वाटलं. तो वाकला. एक गाठ तिच्या टाचेला लावली, दुसरी तिच्या खांद्यापर्यंत गेली.

“असा मोजला,” तो म्हणाला. तिलाच सांगत होता, पण पुढच्या रांगांना ऐकू आलं. “कोरडा. लोकेशनं टेप काढलता, मी म्हटलं, ठेव.”

“मंग?” लोकेश ढोलकाआडून म्हणाला.

“मंग मी याले वैनगंगेत न्हाऊ घातलं. चांगलं दाबून.”

हसण्याची एक लाट मागच्या रांगेपर्यंत गेली. ज्याच्या ज्याच्या घरी दोरीची खाट होती त्याला त्याला पुढचं कळलं होतं. भैयालाल मांडी घालून मंचावर बसला. आता तो बोलत होता, हळूहळू त्याचा तो भांडणातला आवाज परत येत होता, आणि टेप आपल्या भावाची बाजू कसा घेतो हेही त्यानं सांगितलं तेव्हा पुनारामनं पाना खुर्चीखाली टाकला, कारण पोट धरायला त्याला दोन्ही हात लागत होते. राकेशच्या हातांची घडी सुटली होती.

दीप्ती उठली. दोर आबाच्या हातातून घेतला, बादलीत घातला आणि दोन्ही हातांनी तळाशी दाबून धरला. दोराला पाणी प्यायला वेळ लागतो, हे तिला आता माहीत होतं. गोष्ट पुनारामच्या आवारापर्यंत येईपर्यंत ती तशीच बसून राहिली. मग निथळता दोर आबाच्या हातात दिला, आणि पुन्हा सतरंजीवर ताठ आडवी झाली. या वेळी ओठ घट्ट दाबून, कारण एक्सल हसत नसतो.